थोरलीच्या कडेवर

सरकारचं पाळणाघर मुळशी तालुक्यात जोरात चालू आहे. वाड्यावस्त्यांवर, वीटभट्टीवर, बिल्डिंगच्या सायटीवर, लेबर कॅम्पच्या पत्र्याच्या खोल्यांत. सकाळी सातला उघडतं आणि आई परत येईपर्यंत बंद होत नाही. रविवारची सुट्टी नाही. भाडं नाही, मानधन नाही, तपासणी नाही, जी.आर. नाही. त्या पाळणाघराचं नाव थोरली. वय वर्षं आठ, नऊ, फार तर अकरा. डाव्या कडेवर धाकटं, उजव्या हाताला मधलं, आणि दप्तर घरात खुंटीला.

ही योजना कुठल्या मंत्र्यानं जाहीर केली नाही, म्हणून तिचं श्रेय कुणी घेत नाही. नाहीतर पौडच्या चौकात हिचाही फलक लागला असता. चाळीस वर्षांत एवढी यशस्वी योजना दुसरी झाली नाही. खर्च शून्य. लाभार्थी अगणित. आणि कुणाकडं हिशोब मागायची सोय नाही, कारण ज्याच्याकडं मागायचा ती नऊ वर्षांची आहे.

मुळशी म्हटलं की पुण्याच्या माणसाला धरण आठवतं, धुकं आठवतं, घाटातली कांदाभजी आठवते. लवासा आठवतं. २०१८ ला 'मुळशी पॅटर्न' नावाचा सिनेमा आला. जमीन विकलेल्या घरातला पोरगा गुंड कसा होतो ते सगळ्या महाराष्ट्रानं तिकीट काढून बघितलं, हळहळला. बरं झालं बघितलं. पण ज्याच्या घरात विकायला जमीनच नव्हती, त्याच्या पोरीचं काय झालं? तिच्यावर सिनेमा नाही. ती आजही कडेवर पोर घेऊन उभी आहे. तिच्या हातात कोयता नाही, शेंबूड पुसायचं फडकं आहे. त्यावर कोण शिट्ट्या मारणार?

सकाळी पिरंगुटच्या बाजूला जाऊन उभं रहा. टेम्पो येतो, जीप येते, कंत्राटदाराचा माणूस डोकी मोजतो. पॅकिंगला बाया, भरणीला बाया, झाडलोटीला बाया. हिंजवडीकडं जाऊन बघा. तिथं काचेच्या इमारतींत निळ्या कापडाचा गणवेश घालून हाउसकीपिंगच्या बाया जातात; त्यांच्या पाठीवर एजन्सीचं नाव असतं, त्यांचं स्वतःचं नसतं. माणला, मारुंजीला टॉवर उठतायत, तिथं घमेलं उचलणारी मराठवाड्याची बाई आहे, सोलापूरची आहे, बिहारची आहे. वर डोंगराकडं कातकऱ्याची बाई आहे, ती भट्टीवर गेली की बिऱ्हाडासकट जाते. या सगळ्या कोण? नावं, आडनावं विचारायची गरज नाही. साहेबलोक न विचारता ओळखतात.

यातल्या एका बाईला मी विचारलं, बाई, पोर कुठं ठेवता? ती म्हणाली, "ठिवायचं कुटं? थोरली हाय की." मग म्हणाली, "साळंचं इचारू नका. साळा काय, फुडल्या वर्सी बी असंल. ह्यो आत्ता पडला तर?"

या एका वाक्यावर सरकारचं सगळं नियोजन उभं आहे. साळा पुढल्या वर्षीही असेल.

आता कायदा बघू. कायदा नाही असं कुणी म्हणत नाही. कायदे ढीगभर आहेत. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ४८ होतं: पन्नासापेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथं मालकानं पाळणाघर काढायचं, सहा वर्षांखालच्या पोरांसाठी. १९७६ ला पन्नासाचे तीस केले. बिडीकामगारांचा कायदा १९६६ चा, तिथं पन्नास. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा, त्याच्या केंद्राच्या नियमात वीस. बांधकाम कामगारांचा १९९६ चा, तिथं पुन्हा पन्नास. २०१७ ला मातृत्व लाभाचा कायदा सुधारला, सव्वीस आठवड्यांची रजा दिली, आणि पन्नास कर्मचारी असतील तिथं पाळणाघर असं लिहिलं. आईनं दिवसातून चार वेळा जाऊन पोर बघावं, असंही लिहिलं. वाचताना डोळे भरून येतात.

कुठं वीस, कुठं तीस, कुठं पन्नास. हे आकडे कशाचे? बायांचे. पोरांचे नाहीत. गेटवर उभं राहून कायद्यानं आयांची डोकी मोजली. पोर मोजलंच नाही. आणि डोकी मोजायची म्हटलं की मालक आपल्यापेक्षा हुशार. तिसापर्यंत काही नाही, एकतिसावी बाई आली की पाळणाघर. मग एकतिसावी येतेच कशाला? ती दुसऱ्या कंत्राटदाराच्या हजेरीवर चढते. एकाच शेडमध्ये, एकाच पट्ट्यावर, एकीशेजारी एक उभ्या असलेल्या चाळीस बाया कागदावर दोन-तीन मालकांच्या होतात. सुईणीनंसुद्धा एवढी बाळंतपणं केली नसतील, एवढे कंत्राटदार एका कारखान्यानं जन्माला घातले. वर परत मालक म्हणतो, बाया ठेवणं परवडत नाही, त्यांची पोरं असतात. म्हणजे पोर झालं हा बाईचा गुन्हा, आणि पाळणाघर हा त्याबद्दल मालकाला झालेला दंड. कायदाच असा बांधलाय की दंड चुकवायचा सोपा रस्ता एकच, बाई कमी करा नाहीतर बाई लपवा.

नवी गोष्ट सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे मोडून चार संहिता लागू झाल्या. आता फॅक्टरी कायद्याचं ते कलम ४८ राहिलं नाही. आता पन्नास कामगार मोजायचे, बाई आणि बाप्या दोन्ही धरून. यात एक गोष्ट चांगली झाली ती मान्य केली पाहिजे: पोर फक्त आईचं नसतं, ते बापाचंही असतं, हे मोजणीत तरी आलं. एवढं कळायला १९४८ पासून सत्त्याहत्तर वर्षं लागली. पण पन्नासाच्या खालचं काय? पिरंगुट, उरवडे, घोटावडे, या पट्ट्यात शेडवजा किती कारखाने आहेत ते जाऊन बघा. तीस माणसं, चाळीस माणसं. घरकाम करणाऱ्या बाईच्या मालकिणीकडं तर पन्नास कामगार कुठनं येणार? तिथं कामगार एकच. ती स्वतः. भट्टीवर जोडपं मोजतात, माणूस नाही. शेतावर रोजानं जाणाऱ्या बाईला तर गेटच नाही, डोकी मोजायला उभं कुठं राहणार?

आणि हिंजवडीच्या ज्या काचेच्या इमारतीत पन्नास काय पाच-पाच हजार आहेत, तिथं? तिथं पाळणाघर आहे, किंवा जवळच्या पाळणाघराशी कंपनीचा करार आहे. भिंतीवर हत्ती-जिराफ रंगवलेत. इंजिनियर बाईनं पोर तिथं ठेवावं, जरूर ठेवावं, तिच्याशी आपलं भांडण नाही; तिलाही रात्री पोर कडेवर घेऊन लॅपटॉप बडवावा लागतो. पण त्याच इमारतीतलं संडास धुणारी जी बाई आहे, तिचं पोर त्या हत्ती-जिराफात बसतं का, हा प्रश्न विचारून बघा. उत्तर येईल, त्या आमच्या नाहीत, त्या एजन्सीच्या आहेत. एजन्सीला विचारा. एजन्सी म्हणेल, आमची या साइटवर एवढीच माणसं आहेत. पाळणाघरातली आया कुठनं आली? आपल्याच वस्तीतनं. म्हणजे साहेबाचं पोर उचलायला, धुवायला, भरवायला आपली बाई चालते. आपलं पोर त्याच सतरंजीवर बसलेलं चालत नाही. पूर्वी विहिरीवर पाटी नसायची, तरी कुणी पाणी भरायचं आणि कुणी नाही ते सगळ्यांना ठाऊक असायचं. इथंही पाटी नाही.

७ जून २०२१. उरवड्याला पाणी शुद्ध करायचं रसायन बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. सतरा कामगार जळून मेले. बहुतेक सगळ्या बाया. प्रेतं ओळखू येईनात, डीएनए तपासून नातेवाइकांच्या ताब्यात दिली. मुंबईहून, दिल्लीहून मदत जाहीर झाली, राज्याची पाच लाख, केंद्राची दोन लाख. पेपरात फोटो आले. कुणाची पोरं आईविना झाली ते बातमीदारांनी घरोघर फिरून लिहिलं. मेल्यावर पोरं मोजली. त्याच्या आदल्या दिवशी, त्याच्या आदल्या वर्षी, या बाया आत भरणी करत होत्या तेव्हा त्यांची पोरं कुठं होती, कुणाजवळ होती, हे मोजायला कुठला बातमीदार गेला नाही आणि कुठला इन्स्पेक्टरही गेला नाही. तो कोरोनाचा काळ. अंगणवाड्यांना २०२० च्या मार्चपासून कुलूप होतं. शाळा मोबाइलवर होती आणि मोबाइल असलाच तर तो बापाच्या खिशात होता. कारखान्यांना मात्र चालू ठेवायची परवानगी होती. आईला कामावर बोलवायचं आणि पोराच्या अंगणवाडीला कुलूप लावायचं, हे दोन्ही हुकूम एकाच सरकारचे. दोन वेगळ्या खात्यांचे असतील. थोरलीला खाती कळत नाहीत. तिनं दोन्ही हुकूम कडेवर घेतले.

अंगणवाडी आहे ना, असं म्हणणारे भेटतात. आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना निघाली, आज देशात चौदा लाखांच्या घरात अंगणवाड्या आहेत. त्यांनी पोरं जगवलीत, लसी टोचल्यात, वजनं केलीत. अंगणवाडीच्या बाईला कुणी नावं ठेवली तर आम्ही ऐकून घेणार नाही. तिला सरकार नोकर म्हणत नाही, मानधनावरची सेविका म्हणतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, निकाल २०२२ च्या एप्रिलमध्ये लागला. २०२३ च्या ४ डिसेंबरला महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या तेव्हा पन्नास दिवस रस्त्यावर होत्या. तेव्हा बऱ्याच जणांना कळलं की अंगणवाडी बंद पडली तर काय होतं.

पण अंगणवाडी पाळणाघर नाही. ती काही तासांची. पोर जातं, गाणं म्हणतं, खिचडी खातं, दुपार व्हायच्या आत घरी. आईची शिफ्ट तेव्हा अर्धीही झालेली नसते. मग मधला वेळ कुणाचा? थोरलीचा. आणि हेही तीन वर्षांवरच्या पोरासाठी. तीन वर्षांखालच्याला तर अंगणवाडीत बसायलाच जागा नाही. त्याच्यासाठी पाकीट मिळतं. घरी न्या, शिजवा, भरवा. घरी कोण आहे भरवायला? पाकीट कोण फोडणार? थोरली. एवढंसं पोर रांगतं, चुलीकडं जातं, खड्ड्याकडं जातं, सायटीवरच्या पाण्याच्या टाकीकडं जातं. सहा महिने ते तीन वर्षं, ज्या वयात डोळ्यांत तेल घालून पोर सांभाळायचं, नेमकं त्याच वयाला सरकारनं पाकीट दिलं आणि जागा दिली नाही.

आणि ही अंगणवाडी कुठं आहे? गावठाणात. वस्तीपासून लांब, कातकरवाडीपासून त्याहून लांब, मधी ओढा. पावसाळ्यात मुळशीचा ओढा काय असतो ते मुळशीकरांना सांगायला नको. पट भरलेला दिसतो, पोर वाडीतच असतं.

अंगणवाडी हा शब्द कुठनं आला, हे ज्यांनी योजना आखल्या त्यांना माहीत असेल तर त्यांना लाज वाटायला हवी. ताराबाई मोडकांनी १९४५ ला ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला बालवाडी काढली. हरिजनवाड्यातली पोरं तिथं येईनात. कशी येतील? तेव्हा बाई पोरांची वाट बघत बसल्या नाहीत. बालवाडीच उचलून पोरांच्या अंगणात नेली. म्हणून ती अंगणवाडी. सरकारनं नाव घेतलं आणि अंगण सोडलं. पुढं १९५७ ला त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, अनुताई वाघ बरोबर होत्या. तिथं विकासवाडी नावाचा प्रयोग केला: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. का? कारण त्यांना दिसलं की आदिवासींची थोरली शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं आहे. मग धाकट्यालाही घेऊन ये म्हणाल्या. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. तिघं एका दारातनं आत, एका दारातनं बाहेर. जी गुंडाळी सोडवायला आज आयोग बसतात, ती त्या दोन बायांनी महाराष्ट्राच्याच एका टेकडीवर सोडवून दाखवली. त्याला साठ-सत्तर वर्षं होत आली. अनुताईंच्या नावानं पुरस्कार दिले जातात. पाळणा काही शाळेशेजारी आला नाही.

आज काय होतं? थोरली धाकट्याला घेऊन वर्गात आली तर मास्तर म्हणतो, ही काय बालवाडी आहे का? चुकीचं म्हणत नाही बिचारा. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा म्हणतो, सहा ते चौदा वयाची पोरगी शाळेत पाहिजे, सक्तीनं पाहिजे. सहाच्या खालच्यासाठी तोच कायदा म्हणतो, सरकारला करता येईल. एकीला सक्ती आणि एकाला जमलं तर बघू. या दोघांच्या मधे जी फट आहे, त्या फटीत थोरली अडकली. बालमजुरीचा कायदाही तिला ओळखत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनं तर शाळा सुटल्यावर घरच्यांना मदत करणं हे काम नव्हेच असं ठरलं. दिवसभर दोन पोरं सांभाळणारी पोरगी कुठल्याच पाहणीत मजूर नाही. ती 'गैरहजर' आहे. कॅटलॉगच्या लाल शाईत तिची एवढीच नोंद.

आता सरकार म्हणतं, आम्ही पाळणाघरांची योजना चालवतो. चालवतं. नाव मात्र दर काही वर्षांनी बदलतं. २००६ ला राजीव गांधींच्या नावानं होती, २०१७ ला राष्ट्रीय झाली, २०२२ ला 'पाळणा' झाली. नाव बदलताना पाळण्यातली पोरं खाली सांडली त्याचं काय? २०१५ च्या आसपास देशात या योजनेत तेवीस हजारांवर पाळणाघरं होती. दिल्लीनं आपला वाटा नव्वद टक्क्यांवरून साठावर आणला, तीस राज्यानं द्यावा, दहा संस्थेनं द्यावा म्हटलं. २०२० पर्यंत पाळणाघरं सात हजारांच्या आत आली. सोळा हजारांवर पाळणाघरांचे दरवाजे बंद झाले आणि संसदेत कुणी बाक वाजवले नाहीत. प्रत्येकात पंचवीस पोरं धरली जातात. गुणाकार ज्याचा त्यानं करावा. आणि त्या प्रत्येक बंद दरवाजामागं एक थोरली शाळेतनं उठली असेल, ती कुठल्या तक्त्यात?

त्या २०१७ च्या नियमावलीत पाळणाघर दिवसाला साडेसात तास उघडं ठेवायचं होतं. आईची शिफ्ट आठ तास. त्यात जाण्यायेण्याचा वेळ धरा, टेम्पोची वाट बघणं धरा, कंत्राटदारानं थांबवून घेतलेला तास धरा. ज्यानं हे साडेसात लिहिलं तो कधी कुणाच्या हजेरीवर उभा राहिला नसणार. आणि पाळणाघर चालवणाऱ्या बाईला महिना तीन हजार, मदतनिसाला दीड हजार. दिवसाला शंभर रुपये आणि पन्नास रुपये. एका गरीब बाईला कामावर जाता यावं म्हणून दुसऱ्या गरीब बाईला पन्नास रुपये रोजावर बसवायचं. याला नियोजन म्हणतात.

नव्या 'पाळणा'त सतरा हजार अंगणवाड्यांत पाळणाघर जोडायचं ठरलं. कल्पना बरोबर आहे. अंगणवाडीच पूर्ण दिवसाची करा, हेच तर आम्ही म्हणतो. पण चौदा लाखात सतरा हजार म्हणजे ऐंशी-ब्याऐंशी अंगणवाड्यांमागं एक. तालुक्याला वाटलं तर बोटावर मोजण्याइतकी. मग ती कुणाच्या गावाला जाईल ते सांगायला ज्योतिषी नको.

एकदाच, एका कायद्यानं पोर मोजलं होतं. २००५ चा रोजगार हमीचा कायदा. त्यात लिहिलं होतं, कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच पोरं असली की त्यांच्यातलीच एक बाई पोरं सांभाळायला लावायची, आणि तिला बाकीच्यांइतकीच मजुरी द्यायची. किती साधी गोष्ट. पोरं सांभाळणं म्हणजे खडी फोडण्याइतकंच काम, तेवढ्याच दामाचं. हे या देशाच्या कायद्यात लिहिलं गेलं होतं. पाळलं किती ठिकाणी गेलं, ते कामावरच्या झाडांना विचारा, ज्यांच्या फांद्यांना लुगड्याच्या झोळ्या बांधल्या होत्या. २०२५ च्या डिसेंबरात त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा आला. महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी चालू केली आणि देशाला दाखवली, म्हणून आपण छाती फुगवतो. झोळीतल्या पोराचं काय केलं, त्यावर छाती फुगवायला जागा नाही.

मागं जाऊन बघितलं तर मुळशीचं आणि या झोळीचं नातं जुनं आहे. १९२१ ला इथं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट पुढं होते, बायाही होत्या. धरण झालंच. गावं बुडाली, वीज मुंबईला गेली. त्या विजेवर मुंबई चालली, गिरण्या चालल्या. आणि त्याच काळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाची पाहणी सरकारी डॉक्टरणीनं केली, तेव्हा लिहून ठेवलं की या बाया कामावर जाताना तान्ह्या पोरांना अफूची गोळी देऊन निजवतात. एक-दोघी नाही, बहुतेक सगळ्या. दुसरं करणार काय? गिरणीच्या भोंग्याला पोर रडतंय हे ऐकू येत नाही. आज अफू नाही. आज मोबाइल आहे, तो असला तर. नाहीतर थोरली.

१९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं आणि मदतीचं बिल आलं. गिरणीमालक म्हणाले, धंदा बुडेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या बिलाला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे साऱ्या समाजाच्या हिताचं, म्हणून त्याचा मोठा भार सरकारनंच उचलावा, पण जो मालक तिच्या कामावर नफा कमावतो, त्यानं हात वर करू नयेत. १९२९ ला कायदा झाला. बाबासाहेबांनी पोर हा बाईचा खाजगी मामला मानला नाही. आज सरकार मालकाकडं बोट दाखवतं, मालक कंत्राटदाराकडं, कंत्राटदार बाईकडं, बाई थोरलीकडं. थोरलीकडं बोट दाखवायला कुणी उरत नाही.

आता थोडं आपल्या मांडवातलं. आपल्या सभांचे ठराव काढून बघा. राखीव जागा आहेत, शिष्यवृत्ती आहे, स्मारक आहे, गायरान आहे. सगळं पाहिजे. पाळणाघर किती ठरावांत आहे? 'शिका' हा शब्द आपल्या प्रत्येक फलकावर पहिला असतो. तो फलक बांधायला दोरी आणून देणारी पोरगी चौथीतनं उठलेली असते, आणि मांडवाच्या मागं, जिथं स्पीकरचा आवाज कमी येतो, तिथं ती भाषणवाल्यांचीच पोरं खेळवत असते. पुढारी वर समतेवर बोलतो. त्याची बायको कुठं आहे? घरी, पोराजवळ. शिफ्ट एकट्या आईचीच का अडते, बापाची का नाही अडत, हे आपल्या वस्तीत विचारलं तर बाप्ये हसतात. हसा. थोरलीही बघतेय, कोण हसलं ते.

आणि ज्यांना वाटतं हे होण्यासारखं नाही, त्यांनी शेजारी बघावं. कर्नाटकानं २०२३ ला ग्रामपंचायतींमधे 'कूसिन मने', म्हणजे बाळांचं घर, काढायचं ठरवलं, चार हजार ग्रामपंचायतींत, रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या पोरांसाठी. सगळं तिथं गोड आहे असं नाही. पण मोजमापाचं एकक ग्रामपंचायत धरलं, कारखान्याचं गेट नाही. वस्तीत पोरं किती, एवढंच विचारायचं. त्यांच्या आया कुठल्या मालकाकडं, कितव्या कंत्राटदाराकडं, हे विचारायचंच नाही. सोळा पोरं असली तर सोळांसाठी पाळणाघर. आई भट्टीवर असो, टॉवरवर असो, साहेबाच्या घरी भांडी घासत असो. मालकांकडनं पैसा कसा वसूल करायचा ते सरकारनं बघावं. बांधकामावर एक टक्का उपकर आहेच, तो १९९६ पासून कायद्यात आहे, त्याचे हजारो कोटी राज्यात जमा झाले. तो पैसा घमेलं उचलणाऱ्या बाईच्या नावानं गोळा झालाय. तिच्या पोराला त्यातनं एक सतरंजी मिळत नाही.

पैसा नाही असं ग्रामपंचायत सांगेल. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत आयटी पार्क आहे, कारखाने आहेत, टॉवर आहेत, त्यांनी तरी हे सांगू नये. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पंधरा टक्के मागासवर्गीयांवर, ते वेगळे. हे दहा टक्के कुठं जातात? शिलाई मशीन, तीही मोजक्या घरांत. हळदीकुंकू, त्यात स्टीलचा डबा. एखादं एकदिवसाचं प्रशिक्षण, फोटोसकट. यातलं एक काहीतरी असतं, नाहीतर कागदावर शिल्लक असते. त्या पैशात अंगणवाडीशेजारी एक खोली आणि दोन बायांचा पुरा पगार बसतो की नाही, ते आपण ठरवू. आधी आकडा तर दिसू दे.

तर येत्या ग्रामसभेला जायचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, जी पुढं येईल ती. जाताना वस्तीतल्या सहा वर्षांखालच्या पोरांची यादी न्यायची, नाव, वय, आई कुठं जाते, किती वाजता येते, आणि पोर कुणाजवळ असतं. शेवटच्या रकान्यात जिथं थोरली आहे तिथं तिचं वय आणि इयत्ता लिहायची, इयत्ता सुटली असेल तर सुटलेली. ही यादी सरकारनं करायला हवी होती. आपण करू, सही-अंगठ्यासकट, आणि ग्रामपंचायतीकडनं पोच घेऊ. त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकायचा: मागच्या तीन वर्षांत महिला व बालकल्याणाच्या दहा टक्क्यांचा खर्च, वर्षवार, कामवार, बिलांच्या नकलांसह. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही, कार्डाची झेरॉक्स जोडायची. उत्तर तीस दिवसांत यायला पाहिजे.